वायफाय आतल्या खोलीत पोहोचत नसेल, तर आधी राउटरची जागा बदला
नवे उपकरण विकत घेण्यापूर्वी राउटर कुठे ठेवला आहे, हे नीट पाहावे. कारण बऱ्याच घरांत तो दाराजवळ किंवा टीव्हीच्या मागे बसवलेला असतो आणि आतल्या खोलीपर्यंत येता येता लहरी भिंतींतच क्षीण होतात. आमच्या घरी तो लोखंडी कपाटाला टेकून होता. तेथून काढून पाच-सहा फूट उंचीच्या मोकळ्या फळीवर ठेवल्यावर स्वयंपाकघरातही व्हिडिओ कॉल तुटेनासा झाला. फायबरची तार मात्र स्वतः ओढू किंवा मुडपू नये, कारण तिच्यातील काचेचा तंतू सहज तुटतो.

दूरच्या खोलीत ५ ऐवजी २.४ गिगाहर्ट्झचे नेटवर्क निवडावे. त्याचा वेग कमी असला, तरी ते भिंती अधिक चांगल्या रीतीने ओलांडते. शेजाऱ्यांच्या राउटरांची गर्दी असल्यास सेटिंगमध्ये १, ६ किंवा ११ यांपैकी कमी वापरातला चॅनल ठेवावा.

तरीही भागले नाही, तर रिपीटरपेक्षा (वायफायच्या लहरी पकडून पुढे पाठवणाऱ्या उपकरणापेक्षा) घरात पडून असलेला जुना राउटर वापरणे मला अधिक योग्य वाटते. त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरील ओळखक्रमांक) बदलून व डीएचसीपी (इतर उपकरणांना असे पत्ते आपोआप देणारी सोय) बंद करून, मुख्य राउटरपासून आणलेली लॅन केबल त्याच्या लॅन पोर्टमध्येच जोडावी. खर्च येतो तो केवळ केबलचा.