कार्ड-विम्याची तक्रार कंपनीने फेटाळली तर

ब्रिटनमध्ये क्रेडिट कार्डाबरोबर नको असलेला पेमेंट प्रोटेक्शन विमा (आजारपणात किंवा नोकरी गेल्यास कार्डाचे हप्ते भरणारा विमा) गळ्यात मारला गेला, तक्रार केली आणि बँकेने 'विक्री योग्यच होती' असं कळवलं, की बरेचजण तिथेच थांबतात. थांबू नका.

१. बँकेच्या अंतिम उत्तराच्या पत्रावरची तारीख आधी बघा. फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिसकडे (ग्राहक आणि बँका-विमा कंपन्या यांच्यातले वाद सोडवणारी स्वतंत्र संस्था) जायला त्या तारखेपासून ६ महिने मिळतात. ८ आठवड्यांत उत्तरच आलं नसेल, तर तेव्हाही जाता येतं.

२. बँकेकडून तुमची सगळी माहिती लेखी मागवा : मूळ अर्ज, फोनच्या नोंदी, जुनी स्टेटमेंट्स. हे सहसा फुकट असतं आणि साधारण महिन्याभरात द्यावं लागतं. खरा उपयोग इथेच होतो. कधी अर्जावर विम्याच्या चौकटीत खूण आधीच छापलेली असते, किंवा तुम्ही स्वयंरोजगारी, आधीच आजारी किंवा निवृत्त असल्याचं तिथेच लिहिलेलं असतं, म्हणजे दावा करायची वेळ आली असती तरी कदाचित पैसे मिळालेच नसते.

३. नकाराच्या पत्रातलं एकेक कारण घ्या आणि त्यासमोर तुमचा कागद ठेवा. 'माझी फसवणूक झाली' एवढंच लिहू नका.

ओम्बड्समनची सेवा ग्राहकाला मोफत आहे. भरपाईत वाटा मागणाऱ्या एजंटची काहीच गरज नाही.

सावधान : २९ ऑगस्ट २०१७ पर्यंत विकलेल्या विम्याबद्दल नवी तक्रार करायची मुदत २९ ऑगस्ट २०१९ ला संपली. त्यानंतर अगदी अपवादात्मक कारण असेल तरच विचार होतो.