चॉसर आणि 'बेओवुल्फ' शिकवताना या चुका टाळा

एम.ए.ला आरंभीच्या इंग्रजी साहित्याचा पेपर असला की निम्मा वर्ग गाइडच्या शोधात निघतो आणि खापर फुटतं ते मुलांच्या 'कच्च्या इंग्रजी'वर. मला हे साफ चुकीचं वाटतं. चौदाव्या शतकातली, म्हणजे कवी चॉसरची, इंग्रजी कॉन्व्हेंटमधल्या मुलीलाही परकी आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलालाही परकीच. अडचण असते आपल्या शिकवण्याच्या पद्धतीत.

पार्श्वभूमीतच सत्र घालवणं

रोमन गेले, अँगल-सॅक्सन आले, व्हायकिंगांचे हल्ले, १०६६ची नॉर्मन स्वारी. हे सगळं उतरवून घेता घेता कविता राहूनच जाते. पहिल्या तासालाच मजकूर हातात द्या आणि इतिहास प्रश्न पडेल तिथे सांगा. 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजीतल्या महाकाव्याच्या सुरुवातीला शिल्ड राजाचा देह खजिन्यासह नावेत ठेवून ती नाव समुद्रात सोडतात. हा भाग भाषांतरातून वाचून झाला की १९३९ साली सफोकमधल्या सटन हू इथे उकरलेल्या जहाजाची छायाचित्रं दाखवा. मात्र 'हेच ते' असं सांगून मोकळे होऊ नका. सुमारे २७ मीटर लांबीचं ते जहाज टेकाडाखाली पुरलेलं होतं. लाकूड कुजून गेलं होतं, मातीत त्याचा ठसा आणि लोखंडी रिबिटा तेवढ्या उरल्या होत्या. कवितेतली नाव आणि ही नाव यांतला फरक मुलांना शोधू द्या, तास रंगतो.

चॉसर आजच्या उच्चारात वाचणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. यात्रेकरूंनी वाटेत सांगितलेल्या कथांचं चॉसरचं काव्य म्हणजे 'कँटरबरी टेल्स'; त्याच्या प्रस्तावनेतली सातवी ओळ घ्या. आजच्या उच्चारात ती 'द टेंडर क्रॉप्स अँड द यंग सन' अशी होते, म्हणजे जेमतेम आठ अवयव (सिलॅबल). चॉसरच्या काळचा उच्चार साधारण 'द टेन्ड्र क्रॉपस आन्द द युंगं सुन्नं' असा, अकरा अवयवांचा. तीन अवयव गळाले की लय मोडते, मग 'चॉसर रुक्ष आहे' असं मुलांना वाटलं तर नवल काय?

शब्दाच्या शेवटचा 'ई' (e हे अक्षर) तेव्हा मुका नव्हता. आपण 'झाडं', 'घरं' म्हणताना शेवटी जो स्वर काढतो, त्याच्या जवळचा तो. 'नाइट'मधला (knight, म्हणजे सरदार) 'क' उच्चारला जाई आणि मधे 'ख'सारखं घर्षण होतं: 'क्निख्त'. 'र' ठसठशीत. इंग्रजीतले दीर्घ स्वर आजच्या जागी सरकले ते मुख्यतः नंतरच्या शतकांत. लिहिलंय तसं वाचायची सवय असलेल्या मराठी मुलांना हे उच्चार पटकन जमतात, आणि शुद्ध इंग्रजी बोलता येत नाही म्हणून मागच्या बाकावर बसणारी मुलं पुढे येतात. या पेपरचं हे देणं फार मोलाचं आहे.

वर्ग गप्पच राहिला, तर एकेकट्याला उभं करू नका. आधी तुम्ही वाचा, मग सगळ्यांनी मिळून, मग जोड्यांनी. अर्थ त्यानंतर. जुन्या इंग्रजीचंही तसंच: 'बेओवुल्फ'च्या ३१८२ ओळी भाषांतरात वाचा, पण पहिल्या दहा-अकरा मुळातून ऐकवा. ओळीतले चार आघात आणि अनुप्रास टाळीवर लगेच कळतात.

यात्रेकरूंची यादी पाठ करून घेणं

'मंक (मठवासी साधू): शिकारीचा षौकीन, गलेलठ्ठ.' अशा टिपणांत चॉसर हरवतो. मठाचे नियम धाब्यावर बसवणाऱ्या या मंकचं मत बरोबरच आहे, असं निवेदक म्हणतो. हे कोण म्हणतंय? भोळा यात्रेकरू, की त्याच्या मागे उभा असलेला कवी? प्रत्येक व्यक्तिचित्रात निवेदकाने केलेल्या स्तुतीखाली रेघ मारायला सांगा आणि त्या स्तुतीला पुरावा काय, ते विचारा. गाइडमध्ये याचं उत्तर सापडत नाही.

छापील प्रत अंतिम मानणं

'कँटरबरी टेल्स'ची ८०हून अधिक हस्तलिखितं आहेत आणि कथांचा क्रम सगळीकडे सारखा नाही. वेल्समधलं हेंगर्ट आणि कॅलिफोर्नियातलं एल्समिअर, या दोन हस्तलिखितांतला एकच उतारा शेजारी ठेवला तरी पुरे.

परीक्षेत 'टीपा लिहा' विचारून या पद्धतीवर बोळा फिरवू नका. अंतर्गत गुणांपैकी काही मोठ्याने वाचनाला ठेवा. लेखी परीक्षेत वर्गात न झालेला उतारा द्या, उदाहरणार्थ 'कँटरबरी टेल्स'मधल्या नन्स प्रीस्टच्या (जोगिणींसोबतच्या पाद्र्याच्या) कथेतला कोंबड्याच्या स्वप्नाचा भाग, आणि सोबत शब्दार्थांची यादी जोडा.