पाठीच्या पाण्याचा एनएमआर करताय? आधी सॅम्पल सांभाळा

पुण्यात पाषाणला एनसीएल आणि आयसर या दोन्ही संशोधन संस्थांत एनएमआर मशीन्स (चुंबकीय क्षेत्रात रेणू ओळखणारी) आहेत, म्हणून हे सीएसएफवर, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या, पाठीतून काढलेल्या पाण्यावर, काम सुरू करणाऱ्या पोरापोरींसाठी. एथिक्स कमिटी आणि पेशंटची संमती आधी, मग बाकी सगळं.

सगळा खेळ सॅम्पलचा आहे. नळीतल्या पेशी जिवंत असतात, त्या ग्लुकोज खातात आणि लॅक्टेट सोडतात, म्हणजे नळी बराच वेळ टेबलावर पडली की मशीनला जे दिसतं ते पेशंटचं नसतंच, ते आपल्या उशिराचं असतं. त्यामुळे हॉस्पिटलमध्येच सेंट्रिफ्यूज करा, वरचं पाणी छोट्या नळ्यांत भरून उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवा आणि नेताना ड्राय आइसमध्येच न्या, विद्यापीठ चौकात किती वेळ जाईल याचा काही भरवसा नाही.

मग फॉस्फेट बफरने पीएच ७.४, थोडं डीटूओ (जड पाणी), रेफरन्सला डीएसएस (याचा सिग्नल शून्य धरून बाकीचे मोजतात). पाण्याचा सिग्नल दाबायचाच. प्रोटीन जास्त असेल, टीबीच्या मेनिंजायटिसमध्ये (मेंदूच्या आवरणाची सूज) असतंच बहुतेक, तर सीपीएमजी (प्रोटीनचे रुंद सिग्नल दाबणारी एनएमआरची पद्धत) लावा किंवा फिल्टर करा, पण फिल्टर आधी नीट धुवा हं, त्यातलं ग्लिसरॉल ३.५ ते ३.८ पीपीएमला (पीपीएम म्हणजे स्पेक्ट्रमवरची सिग्नलची जागा) घुसतं.

लॅक्टेट १.३३ पीपीएमला, ग्लुकोज ५.२३ ला बघा. लॅक्टेट वाढलेलं, ग्लुकोज घटलेलं म्हणजे बॅक्टेरियाचा मेनिंजायटिस असू शकतो, पण टीबीतही असंच दिसतं, म्हणून नुसत्या स्पेक्ट्रमवर निदान लिहू नका. पेशींची मोजणी, कल्चर (जंतू वाढवून बघणं), पीसीआर (जंतूंचा डीएनए शोधणं) सोबत हवंच, आणि रिपोर्टची वाट बघत डॉक्टरांनी औषध थांबवायचं नाही.