दोन्ही गेज शून्यावर होते

माझ्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा पट्टा आहे. मोठ्या हीट पंपांच्या (एका जागेची उष्णता ओढून दुसरीकडे नेणाऱ्या मशीनच्या) सर्व्हिसिंगमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी काही लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. लिहायला बसलो की आधी हाच पट्टा आठवतो, म्हणून तिथूनच सुरू करतो.

मशीनमध्ये गॅस फिरतो ती सायकल तुम्हाला ठाऊक आहे, सुपरहीट-सबकूलिंग (गॅस उकळबिंदूच्या किती वर आणि द्रव किती खाली आहे ते) काढता येतं, दाब मोजणारे गेज लावता येतात, असं धरून चालतो. मलाही ते सगळं येत होतं. काम साधं होतं. आर-४१०ए या गॅसवर चालणाऱ्या हीट पंपाच्या लिक्विड लाइनमधला (द्रव झालेल्या गॅसच्या पाइपमधला) ड्रायर, म्हणजे ओलावा शोषणारा फिल्टर, बदलायचा होता. मेन स्विच बंद करून कुलूप लावलं, कॉम्प्रेसरच्या सक्शन (ओढणाऱ्या) आणि डिस्चार्ज (ढकलणाऱ्या) दोन्हीकडे गेजचे होज जोडले, रिकव्हरी मशीनने गॅस काढला. दोन्ही काटे शून्यावर आले. दहा मिनिटं थांबलो, काटे हलले नाहीत. ड्रायरवरून हात फिरवला. आजूबाजूचे पाइप गार पडून घामेजले होते, ड्रायर मात्र खोलीइतकाच कोमट आणि कोरडा. मला वाटलं, हा तर सगळ्यात आधी रिकामा झालाय. मागून सीनिअर म्हणाले, "झालं रे, लाव टॉर्च."

मी जोड सोडवायला ज्वाळेचा टॉर्च लावला. जोडातला धातू वितळला आणि त्याच क्षणी पाइप सॉकेटमधून उडाला. तेलाचा फवारा थेट ज्वाळेवर आला आणि हाताएवढा लांब लोळ उठला. आर-४१०ए पेटत नाही हे मी परीक्षेत लिहिलं होतं. पण त्याच्याबरोबर उडालेलं तेल पेटतं, आणि फ्लोरिनवाला गॅस ज्वाळेत गेला की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. घसा आतून सोलल्यासारखा झाला. हाताकडे लक्ष गेलं ते बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर.

आता हे नीट समजून घ्या. त्या लाइनमध्ये ड्रायरच्या आधी चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारा) होता आणि पुढे सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह). वीज बंद केली की सोलेनॉइड मिटतो. मी सक्शनकडून गॅस ओढला, तेव्हा दाबातल्या फरकाने सोलेनॉइड उलट आणखी घट्ट बसला. डिस्चार्जकडून ओढला, तेव्हा चेक व्हॉल्व्हने मागे काही येऊच दिलं नाही. मधल्या तुकड्यात द्रव गॅस जसाच्या तसा अडकून राहिला. २५ अंशांना आर-४१०ए चा दाब साधारण १५ ते १६ बार असतो, तेवढा तिथे कायम होता. माझ्या दोन्ही गेजना तो दिसणं शक्यच नव्हतं, कारण गेज ज्या भागाला जोडलंय त्याच भागाचा दाब सांगतो. काटे खोटं बोलत नव्हते. मी त्यांच्याकडून संपूर्ण मशीनचं उत्तर मागत होतो.

आणि तो कोमट ड्रायर? गॅस निघताना द्रव उकळतो आणि उकळताना पाइप गार करतो. जो भाग गार पडलाच नाही, त्यातला द्रव उकळलाच नव्हता. खूण माझ्या तळहाताखाली होती, मी ती उलटी वाचली. म्हणून रिकव्हरी चालू असताना प्रत्येक तुकड्यावर हात फिरवा, आणि एकटाच कोमट राहिलेला पाइप दिसला तर थांबा.

हीट पंपात हा धोका फक्त गार करणाऱ्या साध्या चिलरपेक्षा जास्त असतो. प्रवाह दोन्ही दिशांनी फिरतो, त्यामुळे दिशा बदलणारा फोर-वे व्हॉल्व्ह, द्रवाचा दाब उतरवणारे दोन-दोन एक्सपान्शन व्हॉल्व्ह, त्यांना वळसा घालणारे चेक व्हॉल्व्ह असा सगळा गुंता असतो. एक्सपान्शन व्हॉल्व्ह इलेक्ट्रॉनिक असेल तर कॉम्प्रेसर थांबताना बहुतेक कंट्रोलर तो पूर्ण मिटवतात. म्हणून वीज तोडण्याआधी कंट्रोलरमधल्या सर्व्हिस मोडने ते व्हॉल्व्ह उघडून घ्या आणि मग कुलूप लावा. सोलेनॉइडची कॉइल काढून दांड्यावर सर्व्हिसचा लोहचुंबक बसवला की तो विजेशिवाय उघडतो. तरीही शंका असेल तर त्या तुकड्यावर पाइपला भोक पाडणारा टॅप व्हॉल्व्ह बसवून तिथूनच गॅस काढा. मग एका टोकाने हलक्या दाबाने नायट्रोजन सोडा. दुसऱ्या टोकाने आला नाही, तर मध्ये काहीतरी बंद आहे. आणि जुना ड्रायर टॉर्चने सोडवू नका, ट्यूब कटरने कापा. कटर हळूहळू फिरतो, काही उरलं असेल तर आधी फुसफुस ऐकू येते आणि तिथे ज्वाळा नसते. टॉर्च फक्त नवा ड्रायर जोडताना, तोही आतून नायट्रोजन वाहता ठेवून.

एवढं वाचून घाबरून जाऊ नका. या कामात वर्षानुवर्षं एक ओरखडाही न येता काम करणारी माणसं मी पाहिली आहेत. ती फार हुशार असतात असं नाही, ती पाइपिंगचं चित्र काढतात. माझं ठाम मत आहे की जो उस्ताद पाइपला हात लावून "गॅस भरला" म्हणतो त्याच्यापेक्षा, जो पहिल्याच दिवशी कागदावर सर्किट काढायला लावतो आणि प्रत्येक व्हॉल्व्हपाशी "वीज गेली की हा उघडा की बंद?" विचारतो, त्याच्याकडे शिका. तो चिडका असला तरी चालेल. लीक न शोधता दरवर्षी गॅस टॉप-अप करायला शिकवणाऱ्याला सोडा.

बाकीचं थोडक्यात. पाण्याचा हीट पंप असेल तर गॅस काढताना पाण्याचा पंप चालू ठेवा किंवा एक्स्चेंजरमधलं (गॅस आणि पाणी उष्णता बदलतात त्या भागातलं) पाणी काढून टाका. आर-४१०ए वातावरणाच्या दाबाला उणे ५१ अंशांच्या आसपास उकळतो, प्लेट एक्स्चेंजरमध्ये पाणी गोठून प्लेटा फाटतात आणि पाणी थेट सर्किटमध्ये शिरतं. रिकव्हरी सिलिंडर ८० टक्क्यांच्या वर भरू नका, वजनकाट्यावर ठेवूनच भरा. कॉम्प्रेसरचा वेग बदलणाऱ्या इन्व्हर्टरची वीज तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. ४०० व्होल्टच्या थ्री-फेजवर तो सुमारे ५६५ व्होल्ट डीसी असतो. नेमप्लेटवर लिहिलेला वेळ थांबा आणि मग मीटरने मोजा, नुसतं थांबणं पुरेसं नाही. प्रेशर टेस्ट फक्त नायट्रोजनने, रेग्युलेटर लावून. ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो.

काही मशीनमध्ये आर-२९० असतो, म्हणजे प्रोपेन. हवेत २.१ टक्के झाला तरी पेटतो, आणि हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात, तळघरात साचतो. आधी डिटेक्टर आणि वारा, मग पाना. सीओ२ च्या मशीनला नेहमीचे गेज लावण्याचा विचारही करू नका. तिथे ३१ अंशांच्या वर द्रव उरतच नाही, दाब ९० बारच्या पुढे चालतो, आणि तिथे अडकलेला तुकडा नुसत्या खोलीच्या उष्णतेने फुटू शकतो. या दोन्हींचं वेगळं प्रशिक्षण झाल्याशिवाय हात लावू नका, कोणी कितीही घाई केली तरी.

मध्यंतरी एका नव्या मुलाबरोबर अगदी तसंच काम होतं. दोन्ही काटे शून्यावर, दहा मिनिटं स्थिर. ड्रायर कोमट होता. मी त्याला हात लावायला सांगितला, मग सोलेनॉइडवर लोहचुंबक ठेवला. टक् असा आवाज झाला, आणि काटा शून्यावरून उठून सात बारवर जाऊन थांबला. रिकव्हरी मशीन पुन्हा चालू केलं. अजून सव्वा किलो गॅस निघाला.