वायंगणाआधी छोटा ट्रॅक्टर घेताय? अश्वशक्तीआधी वाट मोजा

चवथ (गणेशचतुर्थी) आटोपली की गोव्यात ट्रॅक्टरवाल्यांचे फलक रस्त्यारस्त्यावर दिसू लागतात. सरद (पावसाळी) भाताची कापणी झालेली किंवा होत आलेली असते, हातात चार पैसे असतात, वायंगणाची (हिवाळी हंगामाची) नांगरणी तोंडावर असते आणि दसऱ्याचा मुहूर्तही जवळ असतो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. टायर आणि सुट्या भागांवरचा १८ टक्के होता, तोही ५वर आला. त्यामुळे 'एकदाचा घेऊनच टाकू' म्हणणाऱ्यांची संख्या वाढली आहे. घ्यायला हरकत नाही. पण दुकानात पाय ठेवण्याआधी मोजपट्टी घेऊन स्वतःच्या जमिनीवरून एकदा फिरून या.

भाटाचे (बागायतीचे) फाटक किती रुंद आहे? दोन गडग्यांमधली वाट कुठे सर्वांत अरुंद होते? ओहोळावरचा साकव माणसांसाठी आहे की गाडी पेलेल असा? शेतापर्यंत जायला दुसऱ्याचा कुणगा (भाताचे खाचर) ओलांडावा लागतो का, आणि लावणी झाल्यावर तो ओलांडू देईल का? पेडणे, सत्तरी, डिचोलीच्या बऱ्याच भागांत ट्रॅक्टर शेतापर्यंत पोचतच नाही, ही पहिली अडचण. २० ते २४ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर साधारण एक मीटरच्या आसपास रुंद असतो. त्यामागे माती ढवळणारा रोटाव्हेटर थोडा बाहेर येतो आणि ट्रॉली लावली तर वळायला आणखी जागा लागते. सर्वांत अरुंद जागेत दोन्ही बाजूंना हातभर तरी जागा उरत नसेल, तर ट्रॅक्टर बाजूला ठेवा आणि हाताने धरून चालवायच्या पॉवर टिलरचा विचार करा.

आता तासांचा हिशेब. तो बहुतेक जण करत नाहीत. एक मीटर रुंदीचा रोटाव्हेटर ताशी अडीच किलोमीटर वेगाने चालला तर कागदावर तासाला २,५०० चौरस मीटर जमीन होते. आपले कुणगे लहान. वळणे, मेरेच्या कडा आणि एकावर एक येणारे पट्टे धरले तर हाती १,५०० चौरस मीटरच पडतात. म्हणजे ६,००० चौरस मीटर शेताला एका फेरीस चार तास, दोन फेऱ्यांना आठ. सरद आणि वायंगण दोन्ही धरले तरी वर्षाला सोळा तास. त्यात दोन हेक्टर काजूतले गवत कापण्याचे आठ-दहा तास आणि ट्रॉलीची थोडी कामे मिळवा. पन्नास तास भरतील की नाही, शंकाच आहे. एवढ्या कामासाठी पाच लाखांच्या घरातली वस्तू वर्षभर छपरात उभी करण्यापेक्षा भाड्याचा ट्रॅक्टर बरा. मात्र भाड्याचा ट्रॅक्टर वेळेवर येत नाही, सगळ्यांना तो एकाच आठवड्यात हवा असतो, ही तक्रारही खोटी नाही. म्हणून माझे मत असे की वाड्यावरच्या चार-पाच घरांनी मिळून घेतला तर गणित जुळते. एकट्याने घ्यायचा तर काजू, नारळ, भाजी आणि भात असे सगळे मिळून निदान दीड-दोनशे तासांचे काम हवे.

एक छोटी सूचना. दुकानदार एकरात बोलतो, आपला एक-चौदाचा उतारा चौरस मीटरमध्ये असतो. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. आकडेमोड घरूनच करून जा.

जमीन कोणती, त्यावर बरेच ठरते

कुळागरात, म्हणजे सुपारीच्या मिश्र बागेत, ट्रॅक्टर घालू नये. माडीची (सुपारीच्या झाडाची) शिफारस केलेली लागवड २.७ बाय २.७ मीटरवर असते. त्यामध्ये केळी, मिरवेल, जायफळ, पाण्याचे पाट. एक मीटरचा ट्रॅक्टर कागदावर मावतो, पण माडीची मुळे वरच्या थरातच पसरलेली असतात आणि रोटाव्हेटर नेमका तोच थर ढवळतो. शिवाय पायऱ्यापायऱ्यांच्या कुळागरात ट्रॅक्टर वळवणार कुठे? तिथे ग्रासकटर, हातगाडी आणि पाठीवरचा किंवा लांब नळीचा पंप हीच खरी यंत्रे. कुळागरकाराने ट्रॅक्टरचे पैसे वाचवून ते पाटांच्या दुरुस्तीला आणि ठिबकाला लावावेत.

खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतात, प्रश्न वजनाचा आहे. मोठा ३५-४० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर दीड-दोन टनांचा असतो, छोटा एक टनाच्या आतबाहेर. हलका ट्रॅक्टर कमी रुततो हे खरे, पण गुडघाभर चिखलात तोही बसतो आणि एकदा बसला की बाहेर काढायला मोठाच ट्रॅक्टर लागतो. खाली घट्ट थर सापडतो का ते लोखंडी सळी खोचून पाहा. वीतभर खाली सळी अडत असेल तर ट्रॅक्टर चालेल. ती खाली जातच राहिली तर पॉवर टिलरच बरा. चिखलणीसाठी केज व्हील, म्हणजे पिंजऱ्यासारखी लोखंडी चाके, घ्यावी लागतील. ती लावून डांबरी रस्त्यावर गाडी काढू नका, रस्ताही जातो आणि चाकेही. खाजनातले पाणी खारे, त्यामुळे काम संपले की त्याच दिवशी गोड्या पाण्याने चाके, रोटाव्हेटर आणि औजार जोडायच्या लिंकेजचे पिन धुऊन ग्रीस भरायचे. धुरा पाण्याखाली जाईल एवढ्या पाण्यात वारंवार काम केले तर सीलमधून पाणी शिरते. गिअरचे तेल दुधट दिसू लागले की समजा, पाणी आत गेले. तेल लगेच बदला आणि सील पाहून घ्या.

खेर जमीन छोट्या ट्रॅक्टरला सर्वांत मानवते. माती भुसभुशीत, कुणगे जरा मोठे, आणि वायंगणात भातच नव्हे तर अळसांदे, मिरची, कणगी, भाजी असे बरेच काही निघते. वाफे, सरी, खत पसरणे अशी कामे हिवाळाभर चालू राहतात, म्हणून तासही भरतात.

मोरड (उंचावरची जमीन) आणि काजूचे डोंगर मात्र सावधपणे हाताळावेत. मातीचा थर पातळ, खाली जांभा. रोटाव्हेटरचे पाते दगडावर आपटले की एक तर पाते जाते, नाहीतर झटका पीटीओच्या (इंजिनची शक्ती औजाराला देणाऱ्या) शाफ्टला बसतो. अशा जमिनीला स्प्रिंगचा पाच फणांचा कल्टिव्हेटर योग्य. दगड लागला की फण मागे सरकतो आणि पुन्हा जागेवर येतो. रोटाव्हेटर घ्यायचाच तर त्याच्या शाफ्टला जास्त ताण आला की तुटणारा शिअर बोल्ट किंवा घसरणारा स्लिप क्लच आहे ना, हे पाहून घ्या. तुटलेल्या शिअर बोल्टच्या जागी जाड खिळा ठोकून काम पुढे नेणारे महाभाग असतात. त्यांचा गिअरबॉक्स लवकरच उघडावा लागतो.

उतारावर ट्रॅक्टर आडवा चालवू नये, सरळ वर-खाली चालवावा. तोही उतार चढताना दम लागण्याइतका असेल तर तिथे यंत्र नेऊच नये. अरुंद ट्रॅक्टर बागेत सोयीचा खरा, पण उतारावर तोच आधी कलंडतो. चाकांतले अंतर कमी-जास्त करता येणारा ट्रॅक्टर निवडा. काजूच्या डोंगरावर जाताना चाके रुंद लावा आणि मागच्या टायरांत तीन-चतुर्थांश पाणी भरून घ्या. आपल्याकडे पाणी गोठत नाही, साध्या पाण्याने भागते.

औजारे आधी, ट्रॅक्टर नंतर

एकूण रकमेचा निदान चौथा भाग औजारांसाठी बाजूला काढा. ट्रॅक्टर घेतला, पैसे संपले आणि मागे लावायला काहीच नाही, असे गावोगाव दिसते. मोठ्या ट्रॅक्टरची शेजाऱ्याकडची औजारे छोट्याला चालतील या भरवशावर राहू नका. लिंकेजचे पिन वेगळ्या मापाचे असतात, आणि पाच फुटी रोटाव्हेटर २० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला झेपत नाही.

इंजिन २४ अश्वशक्तीचे म्हणजे पीटीओवर २४ मिळतात असे नाही. महिंद्रा जिवो २४५मध्ये पीटीओवर सुमारे २२ मिळतात, कुबोटाच्या २१ अश्वशक्तीच्या निओस्टारमध्ये १५च्या आसपास. दोन्हींची उचल ७५० किलोची, पण पीटीओत एवढा फरक. रोटाव्हेटर, गवत कापायचा स्लॅशर, फवारणी पंप सगळे पीटीओवरच चालतात, तेव्हा माहितीपत्रकात मोठ्या अक्षरातला आकडा सोडून पीटीओचा आकडा शोधा. एवढ्या शक्तीला तीन ते साडेतीन फुटांचा रोटाव्हेटर पुरतो. त्याची रुंदी मागच्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या कडांना झाकणारी हवी, नाहीतर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या तशाच राहतात.

काजू असेल त्याने रोटाव्हेटरआधी स्लॅशर घ्यावा असे मी म्हणेन. फेब्रुवारीपासून बिया पडू लागतात. खालचे गवत त्याआधी कापलेले असेल तर वेचणी निम्म्याने सोपी होते आणि मार्चमधल्या वणव्याचीही धास्ती कमी होते. जमीन नांगरून उघडी करण्यापेक्षा गवत कापून तिथेच पसरलेले बरे, पहिल्या पावसात माती वाहत नाही. अनेक वर्षे पडीक राहिलेल्या जागेत पहिल्यांदा स्लॅशर घालण्याआधी पायी फिरून दगड, जुनी तार, झाडांचे बुंधे पाहून घ्या. स्लॅशरमधून उडालेला दगड लांबवर जातो, तेव्हा जवळपास कोणी उभे नको. काजूला खाली वाकलेल्या फांद्याही असतात, म्हणून सायलेन्सर वर उभा असलेल्या ट्रॅक्टरपेक्षा बोनेटखालून काढलेला सोयीचा.

फवारणीची टाकी आणि लांब नळी हे दुसरे उपयोगी औजार. काजूवरच्या ढेकण्या किडीसाठी नव्या पालवीला, मोहोराला आणि बी धरताना अशा फवारण्या घ्याव्या लागतात, आणि पाठीवरचा पंप उंच झाडाच्या शेंड्याला पुरत नाही. ट्रॅक्टर खाली वाटेवर उभा ठेवून शंभर मीटर नळी वर नेता येते, डोंगरावर चढवावा लागत नाही. याच पंपाने कुळागराच्या कडेवरून माडीला १ टक्का बोर्डो मिश्रणही मारता येते.

छोटी ट्रॉली घ्या, पण दीड टनापेक्षा मोठी नको. हलका ट्रॅक्टर उतारावर जड ट्रॉली थांबवू शकत नाही, ट्रॉलीच त्याला ढकलत नेते. नारळ, शेणखत, सोडणे (नारळाची साले), चिरे यांसाठी एवढी पुरे.

खड्डे काढायच्या ऑगरवर पैसे घालण्याआधी विचार करा. खेर मातीत तो सुरेख चालतो. जांभ्यात मात्र गरगरत बसतो. जांभ्यात माडासाठी १.२ मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा काढावा लागतो आणि तळ मऊ व्हायला त्यात २ किलो मीठ टाकून ठेवण्याची जुनी शिफारस आहे. ते काम पहारीचे किंवा तासावर आणलेल्या जेसीबीचे. पुढे बसवायच्या लोडरचेही तसेच. परदेशी व्हिडिओंत तो सर्वांत कामाचा दिसतो, इथे माती उचलायचे काम वर्षातून एकदोनदा निघते.

ट्रॅक्टर पाहताना

चारही चाकांना जोर असलेलाच घ्या, गोव्यात दोन चाकांच्यावर पैसे वाचवण्यात अर्थ नाही. तेलात बुडालेले ब्रेक, डिफरन्शियल लॉक (दोन्ही चाके एकत्र फिरवणारा) आणि बसल्या जागी सहज पुढे-मागे नेता येणारा शटल गिअर असेल तर उत्तम, कारण लहान कुणग्यात निम्मा वेळ मागे घेण्यातच जातो. मागची संरक्षक कमान काढून टाकू नका, फांद्यांना अडते म्हणून घडी घालता येणारी मागा.

डेमो दुकानाच्या आवारात नको, आपल्या शेतात मागा. सरदाची कापणी झाल्यावर जमीन ओलसर असते, तेव्हा ट्रॅक्टर घसरतो का, लिफ्ट हळू येते का, वळताना मेर मोडते का, हे कळते. आणि विक्रेत्याला हे नक्की विचारा: मेकॅनिक गोव्यातला की बेळगावहून येणार? क्लच प्लेट, फिल्टर इथे ठेवता की मागवता? चिखलणीच्या दिवसांत एक पुली चार दिवस घाटापलीकडे अडली तर हंगाम जातो.

अनुदानाची चौकशी पैसे भरण्याआधी करा. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात लहान व सीमान्त शेतकरी, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्क्यांपर्यंत, इतरांना ४० टक्क्यांपर्यंत साहाय्य धरलेले आहे, कमाल मर्यादेसह. कोणते मॉडेल यादीत आहे, पूर्वमंजुरी लागते का आणि कृषी कार्डाची मुदत चालू आहे का, हे तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात विचारा. उताऱ्यावर अनेकांची नावे असतील तर संमतीपत्रांना वेळ लागतो, ते काम आजच सुरू करा. कोणते औजार आपल्या मातीला चालेल याबद्दल शंका असल्यास जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात मातीचे वर्णन सांगून विचारता येते.

ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपासून वेगळी होते, विमाही पाहून घ्या. आणि छप्पर आधी उभारा: सरदाची चिखलणी आटोपली की उरलेला पावसाळा यंत्र बहुतेक उभेच राहणार, त्या काळात डिझेलची टाकी भरलेली ठेवा म्हणजे आत दमटपणाचे पाणी जमत नाही, बॅटरीची एक तार सोडवून ठेवा आणि वायरिंगभोवती उंदरांचा बंदोबस्त करा.