घोड्याला गोचिडीचा ताप आहे का, कसे ओळखावे?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात २०१५ साली गोचिडीतून पसरणारा माकडताप आला तेव्हापासून तिथे गोचीड म्हटले की माणसे दचकतात. तो विषाणूचा आजार. घोड्याला गोचिडीतून होणारा अ‍ॅनाप्लाझ्मा हा जिवाणूचा. त्याच्या नोंदी जास्त करून अमेरिका-युरोपातल्या. आपल्या देशात घोड्याला गोचिडीतून थायलेरिया-बाबेसिया हा रक्तातल्या सूक्ष्म परजीवींचा आजारही होतो, आणि सुरुवातीला तो नि अ‍ॅनाप्लाझ्मा सारखेच दिसतात.

पहिले काम ताप मोजणे. सकाळी, घोडा कामाला काढण्याआधी, सावलीत मोजा. उन्हात धावून आल्यावर पारा तसाही चढलेला असतो. थर्मामीटरला दोरी बांधा, टोकाला व्हॅसलीन लावा. मागे उभे राहू नका. बाजूने, घोड्याच्या पुठ्ठ्याला टेकून, शेपूट बाजूला करून गुदद्वारात सरकवा. ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस ठीक. अ‍ॅनाप्लाझ्मात ३९.५ ते ४१ पर्यंत जातो, आणि पहिले एकदोन दिवस मरगळ नि तोबऱ्यात उरलेली चंदी याखेरीज काही दिसत नाही. म्हणून रोजचा आकडा वहीत लिहाच.

मग वरचा ओठ उचला. हिरडी गुलाबी, ओलसर हवी. पिवळी झाक किंवा टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले तर थांबू नका, डॉक्टरांना फोन करा.

चारही पायांवरून खाली हात फिरवा. सुजेवर बोट दाबले की खळगा तसाच राहतो. चार पावले चालवून पाहा: पाय उचलायला कुरकुरतो का, मागून झोकांड्या जातात का? वर्षाच्या आतल्या शिंगराला बहुधा नुसता ताप येतो; सूज, कावीळ, झोकांड्या मोठ्या घोड्यांत जास्त.

गोचिडी आयाळीखाली, कानांत, जांघेत, शेपटीखाली शोधा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, पेटती काडी नको. सापडली नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. चावल्यावर ताप यायला एकदोन आठवडे जातात, तोवर ती गळूनही गेलेली असते.

सर्वांत महत्त्वाचे: औषधाआधी, ताप असतानाच रक्त काढून घ्या. काचपट्टीवर अ‍ॅनाप्लाझ्माचे पुंजके पांढऱ्या पेशींत दिसतात, बाबेसिया तांबड्या पेशींत. अ‍ॅनाप्लाझ्माला डॉक्टर शिरेतून ऑक्सिटेट्रासायक्लिन देतात, ताप बहुधा दिवसभरात उतरतो. बाबेसियाचे औषध निराळे. अंदाजाने सुई टोचलीत तर पुढची तपासणीही फसते. निदान होईपर्यंत खोगीर चढवू नका, पाणी समोर ठेवा.