जनरेटर किती केव्हीएचा घ्यावा: मोटर चालवणाऱ्या घरासाठी आणि धंद्यासाठी

दापोली-हर्णै पट्ट्यात मी वायरिंगची आणि जनरेटर बसवायची कामं करतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, खांब आडवे झाले आणि कित्येक वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात राहिल्या. तेव्हापासून ‘जनरेटर कुठला घेऊ?’ हे विचारणारे वाढले. आणि त्यांना आधी कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं, ‘सगळ्या वस्तूंचे वॅट मिळवा, वर वीस टक्के धरा, झालं.’ हे ऐकलं की मला राग येतो. दिवे-पंख्यांपुरतं ते ठीक आहे. मोटर आली की हाच हिशेब माणसाला बुडवतो.

दोन-तीन तास दिवे, पंखे आणि वायफाय चालवायचं असेल तर जनरेटर घेऊच नका, इन्व्हर्टर-बॅटरी घ्या. विहिरीचा पंप, डीप फ्रिझर, गिरणी किंवा दिवस दिवस वीज जाणारं गाव असेल तर पुढे वाचा.

काय काय चालवायचं त्याची यादी करा. आकडे प्रत्येक वस्तूच्या नेमप्लेटवरून घ्या, अंदाजाने नको.

आता केव्हीए, म्हणजे जनरेटरची क्षमता सांगणारं माप. जनरेटरवर लिहिलेल्या केव्हीएला ०.८ ने गुणलं की किलोवॅट मिळतात. १० केव्हीए म्हणजे ८ किलोवॅट. इथपर्यंत सगळे येतात आणि इथेच थांबतात. मीही थांबलो होतो.

हर्णैच्या एका मासळी व्यापाऱ्याची छोटी कोल्ड रूम होती. कॉम्प्रेसर ५ एचपीचा, म्हणजे ३.७ किलोवॅट. दिवे-पंखे धरून साडेचारच्या आत. मी ७.५ केव्हीएचा सेट सांगितला. ६ किलोवॅट मिळणार, पुरून उरेल असं वाटलं. लाइन गेली, सेट चालू केला, स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं. दिवे पिवळे पडले, इंजिन घोगरलं, कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला, मोटरला वीज जोडणारा स्विच) टकटक टकटक वाजायला लागला आणि ट्रिप. तीनदा केलं, तीनदा तेच. त्या रात्री आम्ही सुरमई बर्फात भरत बसलो. सेट चांगला होता, चूक पूर्ण माझी होती.

मोटर थांबलेल्या अवस्थेतून फिरायला लागते तेव्हा ती चालू असतानाच्या सहा-सात पट करंट खेचते. ५ एचपीची थ्री फेज मोटर चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते. साध्या डीओएल स्टार्टरवर, म्हणजे पूर्ण व्होल्टेज एकदम देणाऱ्या स्टार्टरवर, उठताना तीच ४५ ते ५० अँपिअर मागते. ७.५ केव्हीएचा सेट फेजला साडेदहा अँपिअरच्या आसपास देतो. क्षणभर तो जास्त ओढ सोसतो, पण व्होल्टेज इतकं खाली येतं की कॉन्टॅक्टर धरतच नाही. महावितरणच्या लाइनवर हे जाणवत नाही, कारण मागे मोठा ट्रान्सफॉर्मर उभा असतो.

म्हणून माझा ठोकताळा असा: डीओएलवरच्या मोटरला एका एचपीमागे अडीच ते तीन केव्हीए. त्या कोल्ड रूमला शेवटी १५ केव्हीए बसवला. घरच्या दीड एचपीच्या पंपाला ५ केव्हीएच्या खाली जाऊ नका. स्टार-डेल्टा स्टार्टर (आधी कमी व्होल्टेजवर उठवून मग पूर्ण व्होल्टेज देणारा) लावला तर उठतानाचा करंट तिसऱ्या हिश्श्यावर येतो, पण लक्षात ठेवा, मोटरचा जोरही तिसरा हिस्साच राहतो. दाणे अडकलेली गिरणी त्यावर उठत नाही. अनेक मोटरी असतील तर सर्वांत मोठीची उठतानाची मागणी धरा आणि बाकीच्यांची चालतानाची. मग चालू करतानाही मोठी आधी, बाकीच्या एकेक करून. ऑटो चेंजओव्हर (लाइन गेली की आपोआप जनरेटरवर नेणारा स्विच) असेल तर प्रत्येक मोटरच्या स्टार्टरला टायमर हवाच, नाहीतर सगळ्या एकदम उठतात.

साध्या टाँग टेस्टरने (वायरीला चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा मीटर) उठतानाचा हा झटका मोजायला जाऊ नका, तो पकडत नाही. इनरश मोड, म्हणजे हा झटका टिपायची सोय, असलेला मीटर ज्याच्याकडे आहे त्यालाच बोलवा.

याच्या उलट ‘मोठाच घ्या, निश्चिंत राहा’ म्हणणारेही ऐकू नका. डिझेल इंजिन तासन् तास तीस टक्क्यांहून कमी लोडवर चाललं तर डिझेल पुरतं जळत नाही, कार्बन साचतो, सायलेन्सरमधून काळं तेल गळायला लागतं. नेहमीचा लोड ६०-७० टक्क्यांच्या आसपास बसला पाहिजे. तो बसत नसेल तर सेट वाढवण्याआधी मोटरला सॉफ्ट स्टार्टर (व्होल्टेज हळूहळू वाढवत उठवणारा) लावून बघा. महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटरवर हॉटेल असेल तर विरळ हवेने इंजिनाची ताकद घटते, तेव्हा कंपनीचा डीरेटिंगचा (उंचीवर ताकद किती कमी धरायची त्याचा) तक्ता मागून घ्या.

घरात सगळं सिंगल फेज असेल तर थ्री फेज सेट घेऊ नका. १५ केव्हीएच्या थ्री फेज सेटचे एका फेजला ५ केव्हीएच मिळतात, साधारण २१ अँपिअर.

दोन-तीन केव्हीएपर्यंत पेट्रोल, वर डिझेल. नवा डिझेल सेट सीपीसीबी चार-प्लसचा (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या धुराच्या नियमात बसणारा) आणि कॅनॉपीसकट, म्हणजे आवाज कोंडणाऱ्या पेटीसकट, घ्या.

सेट उघड्यावर, खिडक्यांपासून लांब ठेवा. पडवीत, जिन्याखाली, बंद शेडमध्ये अजिबात नको. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. आणि जनरेटरची वायर घरातल्या सॉकेटमध्ये खुपसून घर चालवणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, हे करू नका. ती वीज मीटरमधून उलटी लाइनवर जाते आणि पलीकडे खांबावर लाइनमन चढलेला असतो. घर एकतर लाइनवर नाहीतर जनरेटरवर ठेवणारा चेंजओव्हर स्विच परवानाधारक वायरमनकडूनच बसवून घ्या, अर्थिंगसकट.

पैसे देताना शेवटचा हप्ता राखून ठेवा. सेट तुमच्या जागेवर बसला, मेन स्विच बंद केला, तुमची सर्वांत मोठी मोटर तुमच्यासमोर लागोपाठ तीनदा उठली आणि दिवे विझायला आले नाहीत, की मग तो द्या.